मूळपुरुषाचं सातवं पाऊल

"एकदा लिहायचं, आणि सगळ्या गावाने जन्मभर चालायचं!"

असं म्हणून त्याने टेबलावर अशी थाप मारली की साहेबांच्या कपातला चहा उडी मारून बशीत आला.

ऑफिसात त्याला पाठीमागे 'एकओळ्या' म्हणत. कारण कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं: "त्यात काय! एकच ओळ बदलायची आहे!" लिफ्ट बंद पडली असती तरी तो हेच म्हणाला असता. बरं, नुसता बोलून थांबला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण तो खरोखरच एक ओळ बदलायचा, आणि मग काय काय बिघडलं ते शोधायला बाकीच्यांचे तीन दिवस जायचे.

बाकीचे म्हणजे तरी कोण? ऑफिस तिघांचंच. साहेब, एकओळ्या आणि चित्रं काढणाऱ्या ताई. तिसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला मोठा पडदा, आणि मधे कॉम्प्युटरच्या खेळातलं एक अख्खं गाव तयार होत होतं. गावात वाघ शिरतो आणि लाकूडतोड्या गावाला वाचवतो, असा तो खेळ. दोन वर्षं ताईंनी त्या गावातलं एकेक झाड, एकेक कौल काढलं होतं. आता फक्त माणसं चालायची बाकी होती. आणि गुरुवारी अकरा वाजता, खेळ विकत घेणाऱ्या कंपनीच्या मोठ्या बाई तो बघायला येणार होत्या.

"त्यांनी हो म्हटलं तर आपण आहोत," साहेब म्हणाले. "नाही म्हटलं तर महिनाअखेरीला ही खोली रिकामी करायची. टेबलं कुणी न्यायची ते आत्ताच ठरवून ठेवा."

"टेबलं कुठेही जात नाहीत, साहेब!" एकओळ्या म्हणाला. (हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे टेबलंसुद्धा गेली.) "एक मूळपुरुष लिहायचा. चालणं, थांबणं, वळणं, घाबरणं, पळणं, सगळं त्याच्यात घालायचं. मग बाकीच्यांना एवढंच सांगायचं, की बाबांनो, तुम्ही ह्याची मुलं! त्याला जे येतं ते सगळ्यांना आपोआप येतं. ह्याला आमच्यात इनहेरिटन्स म्हणतात!"

"आणि त्याला एखादी खोड असली तर?" ताईंनी पेन्सिल खाली न ठेवता विचारलं.

"मूळपुरुषाला खोड नसते, ताई!"

"अरे, पण लाकूडतोड्या वेगळा चालेल, म्हातारी वेगळी, कोंबडी तर अगदीच वेगळी. प्रत्येकाचं चालणं निरनिराळं लिहावं लागेल ना?"

एकओळ्या हसला. डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघून हसतात तसा हसला. "चाल शेवटी चालच असते, ताई. आणि नमुना कुणाचा घेणार आहे माहितीये? आमच्या बाबांचा! चाळीस वर्षं पायी टपाल वाटलंय त्या माणसाने! चालण्याचं अख्खं विद्यापीठ आमच्या घरात खुंटीला स्वेटर अडकवून बसलंय!"

आता खरं सांगायचं तर बाबा कसे चालतात हे एकओळ्याला काही ठाऊक नव्हतं. बाबा पहाटे फिरायला जात तेव्हा हा झोपलेला, आणि संध्याकाळी बाबा फिरून येत तेव्हा हा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला. एका घरात राहून त्याने वडिलांना गेल्या कित्येक वर्षांत फक्त बसलेलंच पाहिलं होतं. म्हणून शनिवारी त्याने बायकोला सांगून ठेवलं, "अगं, उद्या सकाळी बाबा खाली उतरले की गॅलरीतून त्यांचा चालतानाचा व्हिडिओ काढ. पण त्यांना कळू देऊ नकोस. कळलं की माणूस मुद्दाम चालतो."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी झोपणार."

सोमवारी तो जांभया देत देत आला तो कुरकुरतच. "काय सांगू ताई! रविवारीसुद्धा सुख नाही. बाबांना सर्दी, म्हणून पहाटे मला हलवून उठवलं. कशाला? तर कचरा टाकायला! थंडीत हाताला लागेल ते अंगावर चढवलं आणि गेलो. मोठ्या माणसांची ही किंमत!"

पण व्हिडिओ मात्र फक्कड मिळाला होता. चौथ्या मजल्यावरून काढलेला, पाठमोरा, पहाटेच्या धुरकट उजेडातला. तपकिरी स्वेटर, कानटोपी, आणि खाली लांबच लांब रस्ता. एकओळ्याने तो व्हिडिओ पुढे-मागे करून दोनशे वेळा पाहिला. पाहता पाहता त्याच्या डोळ्यांत शास्त्रज्ञाचं तेज आलं.

"साहेब, इकडे या! बघा, सात पावलं चालले. थांबले. पँट वर ओढली. मान वळवून मागे बघितलं. परत सात पावलं. परत थांबले. परत पँट!"

"अरे, पण हे असे का चालतात?"

"चाळीस वर्षांची नोकरी, साहेब! सात पावलं म्हणजे एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचं अंतर. थांबायचं, पत्र टाकायचं. मागे बघायचं, कुत्रं लागलंय का. आणि डावा हात बघा! अंगापासून कसा लांब धरलाय! टपालाची पिशवी! पिशवी गेली, पण हात अजून तसाच आहे!" बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. "बिचारे बाबा!"

साहेबांनीही चष्मा पुसला.

सोमवारी संध्याकाळी मूळपुरुष तयार झाला. रिकाम्या पडद्यावर एक राखाडी माणूस डावा हात लांब धरून सात पावलं चालला, थांबला, पँट ओढली, मागे बघितलं. हुबेहूब! मग एकओळ्याने लाकूडतोड्याला सांगितलं, तू ह्याचा मुलगा. लाकूडतोड्या चालू लागला. म्हातारीला सांगितलं, तू ह्याची मुलगी. म्हातारीही चालू लागली. शिंपी, सुतार, शाळामास्तर, भराभर गाव चालू लागलं. काम तासाभरात उरकलं! एकओळ्याने पाय टेबलावर ठेवले.

"अरे," ताई म्हणाल्या, "कोंबडी पँट ओढतेय."

"ओढू दे की."

"तिला पँट नाहीये!"

"नसू दे. सवय आहे ती."

"डावा पंख अंगापासून लांब धरून चालते आणि सातव्या पावलाला मागे बघते! कुणीतरी उधारी मागायला मागे लागल्यासारखी दिसते ती!"

"बारीकसारीक आहे, ताई. उद्या एकच ओळ बदलतो."

मंगळवारी साहेबांना उत्साह आला. घरांचे दरवाजे उघडायला हवेत, नदीत नाव हलायला हवी, विहिरीवरचा पोहरा वर-खाली व्हायला हवा! एकओळ्याने दोन सेकंद विचार केला. दरवाजा हलतो की नाही? हलतो. मग तो मूळपुरुषाचा मुलगा! नाव हलते? मुलगी! पोहरा? धाकटा मुलगा! टेबलं-खुर्च्या सरकतात ना? त्याही घरातल्याच! दुपारपर्यंत गावात स्थिर अशी वस्तू उरली नाही. सगळी एकाच बापाची लेकरं. दरवाजा उघडायचा, सात पावलं अंगणात यायचा, थांबायचा, मागे वळून घराकडे बघायचा आणि परत जागेवर जायचा. बघणाऱ्याला वाटावं, कुलूप लावायचं राहिलं म्हणून दरवाजालाच काळजी लागली आहे!

"हे मात्र चालणार नाही," साहेब म्हणाले. "ती पँट तेवढी काढून टाक."

"एकच ओळ!" एकओळ्या म्हणाला, आणि त्याने मूळपुरुषाचं पँट ओढणं पुसून टाकलं.

तर लाकूडतोड्या थांबायचाच बंद झाला! सरळ चालत नदीत गेला, नदीतून पलीकडे, आणि पडद्याबाहेर. कारण पँट ओढून झाली की पुढचा विचार करायचा, असं एकओळ्यानेच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. दरवाजा कधी लावायचा, कुऱ्हाड कधी उचलायची, नाव कधी वळवायची, सगळ्यांचं सगळं त्या पँटवर अडकलेलं! पँट गेली तसं गाव थांबेना. घामाघूम होऊन त्याने ओळ परत घातली. मागे बघणं काढलं, तर म्हातारी विहिरीत गेली. तेही परत घातलं. सातच्या जागी आठ केले, तर सगळी माणसं, कोंबडीसुद्धा, एकाच जागी गोल फिरायला लागली. परत सात केले.

"निदान वाघ तरी नीट आहे ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"वाघ उद्या घालतो."

बुधवारी वाघ आला. ताईंनी जीव ओतून काढलेला वाघ! नुसत्या मिशा काढायला चार दिवस लागले होते. एकओळ्याने त्यालाही मूळपुरुषाच्या पदरात टाकलं. आणि मूळपुरुषाच्या अंगात एक नवीन गुण घातला: वीस पावलांच्या आत वाघ दिसला, की घाबर आणि पळ! म्हणजे एकट्या लाकूडतोड्याला 'तू घाबरू नकोस' म्हटलं, की गावातल्या बाकी कुणाला वेगळं सांगायला नको. झालं ना एका ओळीत काम?

वाघ जंगलातून रुबाबात बाहेर पडला. पंजा उचलला, आणि पुढच्याच क्षणी दचकून थरथरायला लागला!

"ह्याला काय झालं?" ताई ओरडल्या.

एकओळ्या स्क्रीनकडे बघत राहिला. वीस पावलांच्या आत वाघ होता. कारण तो स्वतःच वाघ होता! तो स्वतःलाच घाबरला होता, आणि स्वतःपासून पळत सुटला होता. पण जिकडे जावं तिकडे वाघ हजर! बिचारा सात पावलं पळायचा, पँट ओढायचा, मागे बघायचा, आणि मागे बघितलं की जास्तच घाबरायचा.

"माझा वाघ!" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार दिवस मिशा काढल्या रे मी! आणि तू त्याचं हे केलंस?"

एकओळ्याला पहिल्यांदाच खरोखर वाईट वाटलं. हसणं वेगळं, आणि ताईंची दोन वर्षं वेगळी. पण दुरुस्त करायला हात लावावा तर अख्खं गाव कोसळतंय. शेवटी त्याने गंभीरपणे जाहीर केलं, "उद्या बाईंना वाघ दाखवायचाच नाही!"

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना मोठ्या बाई आल्या. उंच, शांत, आणि हसण्याचं काही कारण आजवर सापडलं नाही असा चेहरा. एकओळ्या सकाळपासून धावपळीत. नवा शर्ट, नवी पँट, पण पट्टा घरी राहिलेला. पँट कमरेला दोन इंच सैल. दुकानातच घालून बघा असं बायको सांगत होती, तेव्हा हा म्हणाला होता, एकच बटण बदलायचं आहे.

खेळ सुरू झाला. गाव उजाडलं. बाई टक लावून बघत होत्या. शिंपी सात पावलं चालला, पँट ओढली, मागे बघितलं. म्हातारीनेही तेच केलं. कोंबडीनेही तेच. नदीत नाव सात हात सरकली, थांबली आणि मागे बघितलं.

"ह्यांना सगळ्यांना एकच आजार आहे का?" बाईंनी विचारलं.

"आजार नाही, मॅडम!" एकओळ्या पुढे सरसावला. आता माघार घेऊन भागणार नव्हतं. "ह्याला निरीक्षण म्हणतात! ही माझ्या वडिलांची चाल आहे. चाळीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाची खरीखुरी चाल! हे थांबणं म्हणजे पत्र टाकणं. हा लांब धरलेला हात म्हणजे टपालाची पिशवी. आम्ही एका पावलाचीसुद्धा लबाडी केलेली नाही!"

"असं?" बाईंनी मान तिरकी केली. "वाघ कुठाय?"

"वाघ... वाघ आज रजेवर आहे."

"वाघ दाखवा."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. ताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. एकओळ्याने बटण दाबलं.

वाघ आला, आणि जे व्हायचं होतं ते सगळं एकदम झालं! शिंपी पळाला, सुतार पळाला, म्हातारी पळाली. ते ठीक. पण घरांचे दरवाजे घरं सोडून पळाले. पोहरा विहिरीतून उडी मारून पळाला. नाव नदीतून बाहेर येऊन कोरड्या रस्त्याने पळाली. शाळेतली टेबलं-खुर्च्या शाळामास्तरांच्या पुढे निघून गेल्या. आणि दर सातव्या पावलाला ही सगळी जत्रा एकदम थांबायची, पँट ओढायची, मागे बघायची आणि पुन्हा सुटायची. सगळ्यांच्या मागून, स्वतःच्याच भीतीने बेजार झालेला वाघ, डावा पंजा लांब धरून, केविलवाणा धावत होता. लाकूडतोड्या तेवढा एकटा, कुऱ्हाड उगारून, मोकळ्या मैदानात उभा. वाचवायला गावच उरलं नव्हतं!

साहेब मनातल्या मनात टेबलं मोजत असावेत.

इतक्यात खोलीचं दार उघडलं.

दारात बाबा उभे होते. एकओळ्याचे बाबा. अंगात तपकिरी स्वेटर, हातात पट्टा.

"अरे, मोठ्या बाई येणार म्हणालास आणि पट्टा खुंटीवरच! म्हटलं देऊन यावा. बस मिळेना, मग आलो चालत."

"बाबा! चार किलोमीटर?"

"त्यात काय."

आणि बाबा निघाले. दारापासून पडद्यापर्यंत ती अख्खी लांबलचक खोली ते चालत आले. पाठ ताठ, नजर समोर, दोन्ही हात सारखे हलतायत, पाऊल कसं एका मापाचं! कुठे थांबणं नाही, ओढणं नाही, मागे बघणं तर नाहीच. चोवीस पावलं. ताईंनी मोजली. साहेबांनी मोजली. मोठ्या बाईंनीही मोजली.

"हेच का तुमचे वडील?" बाईंनी विचारलं.

एकओळ्याने नुसती मान हलवली.

"मग ही चाल कुणाची?"

बाबांनी पडद्याकडे बघितलं. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. शिंपी सात पावलं गेला, थांबला, पँट ओढली, मागे बघितलं. बाबांचा चेहरा कौतुकाने फुलला.

"अरे वा! हा तर तूच की रे!"

"मी?"

"नाहीतर कोण? रविवारी मला सर्दी होती, तेव्हा माझा स्वेटर अन् टोपी घालून कचरा टाकायला गेला होतास बघ. मी खिडकीतून बघत होतो. पिशवी गळत होती म्हणून हात हा एवढा लांब धरलेला. पँट सैल, म्हणून घडीघडी ओढतोयस. आणि कुणी ओळखीचं कचऱ्याची पिशवी घेऊन जाताना बघत नाही ना, म्हणून वळून वळून मागे! अगदी हुबेहूब जमलंय हो. कुणी केलं हे?"

पहिल्यांदा ताईंना हसू फुटलं. मग साहेबांना. ते हसता हसता खुर्चीवरून घसरले. एकओळ्याला बायकोचा चेहरा दिसला, गॅलरीत फोन धरून उभी, सासऱ्यांचा स्वेटर बघून नवऱ्याचं शूटिंग करणारी! वीस वर्षांच्या संसारात बायकोने पाठमोरं ओळखलं नाही, ह्याचं दुःख करावं, की त्याने स्वतः दोनशे वेळा बघून ओळखलं नाही, ह्याचं, हे त्याला ठरवता येईना. आणि त्या चालीवर त्याने गळा दाटून 'बिचारे बाबा' म्हटलं होतं! आठवून त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, बाबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "काका, जरा परत दारापर्यंत चालून दाखवता?"

बाबा गेले, आले. चोवीस आणि चोवीस.

"मला गाव असं चालताना हवं," बाई साहेबांना म्हणाल्या. "चित्रं फार सुरेख आहेत. त्यांच्याकडे बघून तुम्हाला पंधरा दिवस देते. काकांची चाल घ्या."

"घेतो!" एकओळ्याच्या जिवात जीव आला. "आणि मॅडम, तो वाघ मी आजच काढून टाक..."

"वाघाला हात लावायचा नाही." आणि आता कुठे बाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. "स्वतःला घाबरून पळणारा वाघ मी पहिल्यांदाच बघितला. तो जसाच्या तसा पाहिजे. तीच मान, तीच धाव, तेच मागे बघणं. मिशीचा केसही बदलला तर करार नाही."

ताईंनी डोळे पुसले. वाघ वाचला होता! खोली वाचली होती. साहेबांनी टेबलावर प्रेमाने हात फिरवला.

फक्त एकओळ्या तेवढा जागच्या जागी थिजला होता. गावाची चाल बदलायची, आणि वाघाची तीच ठेवायची? पण चाल तर दोघांची एकच! मूळपुरुषाला हात लावला की वाघ गेला, न लावला की गाव गेलं. बाबांचा दुसरा मूळपुरुष करावा, तर सगळ्यांचं सगळं पँट ओढण्यावर अडकलेलं, आणि बाबा तर पँट ओढतच नाहीत! म्हणजे आता कोंबडीपासून दरवाजापर्यंत प्रत्येकाचं चालणं निरनिराळं लिहायचं. ताई पहिल्या दिवशी सांगत होत्या ते! पंधरा दिवस! ओळी किती, त्याचा तर हिशोबच नको.

"का रे?" ताईंनी गोड आवाजात विचारलं. "एकच ओळ ना?"

बाबांच्या हातातून त्याने पट्टा घेतला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या आपल्या टेबलाकडे निघाला. चार जणांचे आठ डोळे पाठीवर आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने मनाशी ठरवलं: ताठ चालायचं. बाबांसारखं. मधे थांबायचं म्हणून नाही!

एक. दोन. तीन. पट्टा डाव्या हातात होता, पायात अडकू नये म्हणून त्याने हात जरा लांब धरला. चार. पाच. काही झालं तरी थांबायचं नाही. सहा. झालंच आता!

सातव्या पावलाला पँट खरोखरच खाली सरकली. आता सरकलेली पँट कुणीही वर ओढणारच, त्यात काही खोड नाही. आणि चारचौघांत पँट ओढावी लागली, की कुणी बघितलं तर नाही ना, हे माणसाला मागे वळून बघावंच लागतं!